रक्ताची पिशवी गरम पाण्यात घालू नका

काल रात्री साडेअकराला ताईचा फोन. भाचीला थॅलेसेमिया आहे, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार; दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. उद्याची तारीख पुढे ढकलू का, असं ती विचारत होती. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज: "साथ सुरू आहे, रक्तपेढीचं रक्त घेऊ नका. घ्यावंच लागलं तर घरच्यांचंच घ्या आणि पिशवी वीस मिनिटं कडक पाण्यात ठेवा, विषाणू मरतो. रक्तदानही टाळा." मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. ऐकूनच माझं डोकं फिरलं.

आधी त्या कडक पाण्याचं बघू, कारण यानं माणूस मरू शकतो. तांबड्या पेशींची पिशवी आम्ही 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवतो. क्वचित गरम करावी लागलीच तर त्यासाठी वेगळं यंत्र असतं आणि तेही शरीराच्या तापमानाच्या फार वर जाऊ देत नाही. पन्नास अंशांच्या आसपास पेशींचे तुकडे पडायला लागतात. अशी पिशवी उभी टांगून ठेवली की वरचा पिवळसर प्लाझ्मा (रक्ताचा पातळ भाग) लालभडक झालेला दिसतो. ते फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन. ते शिरेत गेलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि सोबत सुटलेल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं. शिवाय पिशवीचं तोंड पाण्यात बुडालं की जंतू आत शिरायला वाट मिळते ती वेगळीच.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. अल्ब्युमिन 60 अंशांवर 10 तास तापवतात, विषाणू मारण्यासाठीच. पण ते रक्तातून वेगळं काढलेलं प्रथिन असतं, त्यात एकही पेशी नसते आणि उष्णता सोसावी म्हणून आधी त्यात स्थिरीकरणाची द्रव्यं घालतात. तोच नियम रक्ताला लावायचा?

रक्तातून विषाणू जातच नाही, असंही मी म्हणणार नाही. 2002 मध्ये अमेरिकेत डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूची साथ आली, तेव्हा 23 रुग्णांना रक्तातूनच लागण झाल्याचं सिद्ध झालं. त्यावर रक्त देणं बंद केलं नाही. 2003 मध्ये दात्यांच्या रक्तात विषाणूचा अंश शोधणारी चाचणी सुरू केली. फ्लू किंवा कोविडसारखे श्वासातून पसरणारे विषाणू रक्त चढवल्यामुळे लागल्याचं मात्र सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे साथ नेमकी कशाची, हे विचारल्याशिवाय "रक्त घेऊ नका" असं सांगणं निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

घरच्यांचं रक्त? थॅलेसेमियाच्या मुलीला तर ते मुद्दाम टाळतात. पुढे बोनमॅरो (हाडांतला रक्त बनवणारा मगज) बदलायची वेळ आली, तर आधी त्यांचं रक्त घेतल्यामुळे भावंडाची किंवा आईबाबांची मॅरो तिचं शरीर नाकारू शकतं. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कधीकधी रुग्णाच्या शरीरावरच उलटतात. हे दुर्मीळ, पण बहुतेकदा जीवघेणं. म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्यावर किरणांचा मारा करतात. आणि "मला ताप येऊन गेला" हे नातेवाईक भिडेपोटी लपवतो. नियमित स्वेच्छेनं येणाऱ्या दात्याला लपवायचं काही कारण नसतं.

रक्तदानाबद्दल थोडक्यात. सुई नवी असते, एकदाच वापरतात, त्यातून दात्याला लागण होत नाही. ताप, खोकला असेल तर येऊ नका. आणि देऊन गेल्यावर दोन-चार दिवसांत आजारी पडलात तर रक्तपेढीला लगेच कळवा. पिशवीवरच्या नंबरावरून ती शोधून आम्ही बाजूला काढतो. असा एक फोन कुठल्याही कडक पाण्यापेक्षा रुग्णाच्या जास्त कामाचा आहे.

ताईला एवढंच सांगितलं: हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही. उद्या सकाळी तिला घेऊन जा.