पोर्तुगालचं नाव घेण्याआधी

नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ मध्ये आणि दौंडच्या कुरकुंभ एमआयडीसीत २०२४ मध्ये एमडीचे (मेफेड्रोन या नशेच्या रसायनाचे) कारखाने सापडले, तेव्हापासून महाराष्ट्रात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा, लावा. २०२५ मध्ये विधिमंडळाने तशी दुरुस्तीही केली. दुसरा म्हणतो, पोर्तुगालने केलं तसं सगळं मोकळं करा. लिस्बनमध्ये बसून हे वाचताना वाटतं, दोघांच्याही डोक्यातला पोर्तुगाल इथल्या पोर्तुगालशी जुळत नाही.

इथे ड्रग्ज कायदेशीर नाहीत. विकणाऱ्याला ४ ते १२ वर्षं तुरुंगवास आहे. बाल्कनीत गांजाचं एक रोप लावलं, तरी तो गुन्हा. १ जुलै २००१ पासून बदललं ते इतकंच, की स्वतःपुरता, साधारण दहा दिवसांना पुरेल एवढा साठा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही. हेरॉइन १ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, चरस ५ ग्रॅम, गांजा २५ ग्रॅम, असं ते कोष्टक आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे आकडे फक्त सूचक आहेत.

पण मौज पुढच्या टप्प्यात आहे. पोलीस माल जप्त करतात, वजन करतात, अहवाल लिहितात आणि त्या माणसाला ७२ तासांच्या आत जिल्ह्याच्या आयोगापुढे हजर व्हायला सांगतात. आयोगात तीन माणसं: एक कायद्याची, उरलेली दोन वैद्यक, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतली. त्याआधी मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता त्याच्याशी बोलून एकच गोष्ट ठरवतो: हा अधूनमधून ओढणारा आहे की व्यसनात अडकलेला? पहिल्या प्रकारातला माणूस पहिल्यांदाच सापडला असेल, तर प्रकरण स्थगित होतं. दुसऱ्या प्रकारातल्याने उपचार स्वीकारले, तरीही स्थगित. व्यसनात अडकलेल्याला पैशांचा दंड करता येत नाही, आणि हे शहाणपणाचंच आहे. दंडाचे पैसे तो कुठून आणणार? आलेल्यांत मोठा भाग गांजा-चरसवाल्यांचा असतो आणि त्यांना उपचारांची गरजही नसते. त्यांना गाळून बाजूला काढणं हे आयोगाचं निम्मं काम.

७२ तास ही मुदत हेरॉइनच्या बाबतीत फार नाजूक आहे. शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते: नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं मोडल्यासारखी कळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते आणि आठवडाभरात ओसरते. मुंबईतला गर्दुल्ला, म्हणजे गर्द (रस्त्यावरचं भेसळयुक्त हेरॉइन) ओढणारा, नेमका याच काळात कोठडीत असतो. तो उपचाराला सगळ्यांत लवकर हो म्हणेल, असेही हेच दिवस. हेरॉइनची तलफ भागवणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची जिभेखालची गोळी टर्की चढू लागल्यावरच द्यायची असते. घाई करून आधी दिली, तर ती उरलेल्या हेरॉइनला मेंदूतल्या जागेवरून हुसकते आणि टर्की दुप्पट जोराने उसळते. पेशंट मग त्या औषधाचं नाव काढत नाही. मेथाडोन हे तशाच कामाचं दुसरं औषध पहिल्या दिवशी सहसा ३० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण ते शरीरात साठत जातं. हे ठाण्यातल्या हवालदाराचं काम नव्हे, आणि तिथे दुसरं कोणी नसतं. शिवाय काही महिने आत काढून सुटलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. तो जुन्याच मापाने घेतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे म्हणून सगळ्यांत जीवघेणे.

आता आपला अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा. तो वाटतो तितका आंधळा नाही. कलम २७ खाली गर्द किंवा कोकेन घेतल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण कलम ६४-अ सांगतं, की कायद्याने ठरवलेलं अल्प प्रमाण बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. कलम ३९ खाली दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याला उपचारांसाठी सोडू शकतं. म्हणजे दार आहे. त्या दारापर्यंत नेणारा माणूस नाही. ६४-अ चा अर्ज कोणी, कधी, कोणत्या कागदांसह करायचा, हे आरोपीला तर सोडाच, अनेकदा त्याच्या वकिलालाही ठाऊक नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एनडीपीएसखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले, त्यामुळे पहिली रात्र बहुधा आतच जाते.

आणखी एक मेख वजनात आहे. गर्दचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम, एमडीचं २ ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवलं, की भेसळीसकट सगळ्या पुडीचं वजन धरायचं. रस्त्यावरच्या पुडीत भेसळच जास्त. सहा ग्रॅम भेसळयुक्त गर्द घेऊन सापडलेला व्यसनी त्यामुळे अल्प आणि व्यावसायिक प्रमाणांच्या मधल्या गटात जातो. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि ६४-अ चं संरक्षण गेलं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये अल्प प्रमाण गुन्ह्यातून वगळण्याची शिफारस केली होती. ती मान्य झाली असती, तरी हा सहा ग्रॅमवाला बाहेरच राहिला असता.

नुसता गुन्हा काढून टाकला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ओरेगनने दाखवलं. फेब्रुवारी २०२१ पासून तिथे १०० डॉलरचा दंड, आणि एका हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. फोन फार थोड्यांनी केले, उपचार केंद्रांचा निधी उशिरा पोचला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गुन्हा परत आला. पोर्तुगालनेही २०१२ च्या काटकसरीत व्यसनांसाठीची स्वतंत्र संस्था मोडून उपचार प्रादेशिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवले. पोर्तो शहराच्या रस्त्यांवर उघड सुया दिसू लागल्या तेव्हा दोष मात्र २००१ च्या कायद्याला दिला गेला. २०२४ मध्ये ते काम पुन्हा एका छताखाली आणावं लागलं. सुईतून होणारा एचआयव्ही इथे वर्षाला हजाराच्या वरून काही डझनांवर आला, पण त्याचं श्रेय एकट्या कायद्याचं नाही. १९९३ पासून औषधदुकानांत मिळणाऱ्या स्वच्छ सुया आणि गल्लोगल्ली फिरणाऱ्या मेथाडोनच्या व्हॅन यांचं ते आहे.

महाराष्ट्राला उपचारांची ओळख नाही असं नाही; पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. पण देशभराच्या २०१९ च्या एम्स सर्वेक्षणात बेकायदा ड्रग्जच्या आहारी गेलेल्यांपैकी वीसांत एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले होते.

आणि एमडीचं काय? अफूवर्गीय व्यसनाला मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे; एमडीची तलफ भागवणारी गोळी नाही. झोप, निराशा, संशयाचे झटके यांवर लक्षणांनुसार औषधं, आणि महिनोन्‌महिने नियमित समुपदेशन. लिस्बनची व्हॅन मुंबईत उभी केली, तरी एमडीवाला तिच्याकडे येणार नाही. त्याला देण्यासारखं तिच्यात काही नाही. त्याच्यासाठी प्रत्येक ठाण्याला जोडलेला एक समुपदेशक आणि ६४-अ चा एक छापील अर्ज हवा. त्याला संसदेची दुरुस्ती लागत नाही. गृह आणि आरोग्य खात्यांनी मिळून काढलेल्या एका परिपत्रकाने काम सुरू होऊ शकतं.