क्रूस म्हणजे पापाचा परवाना नव्हे

गुड फ्रायडे जवळ आला की एक मजकूर फोनवर फिरू लागतो. ‘ख्रिस्त्यांच्या देवाला माफ करायला आधी रक्त लागतं, तेही स्वतःच्या निरपराध मुलाचं. येशूने सगळी पापं आधीच फेडली, म्हणून ख्रिस्त्यांनी आठवडाभर काहीही करावं आणि रविवारी माफी मागून मोकळं व्हावं. बाकीचे कितीही चांगले वागले तरी नरकातच. आणि हे तारण, म्हणजे पापातून सुटका, सगळं मेल्यानंतरचं.’ पाठवणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत आणि त्यांना खरोखर तसं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

रक्ताचा आरोप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यात आमच्या भाषेचाही वाटा आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, मी सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी जीव द्यायला आलो. तिथे जुन्या मराठी बायबलने ‘खंडणी’ हा शब्द घातला. आज खंडणी म्हटलं की वसूल करणारा गुंडच डोळ्यांसमोर येतो. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रॉन’. गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी मोजायची ती किंमत. त्या शब्दात सगळा भर सुटणाऱ्या माणसावर आहे.

पण किंमत म्हटली की ती घेतली कोणी, हे विचारणं आलंच. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताने ते भर प्रवचनात विचारलं. सैतानाला दिली म्हणावं, तर तो विचारच त्याला संतापजनक वाटला. पित्याला म्हणावं, तर ज्याने अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचाही बळी स्वीकारला नाही, त्याला आपल्या पुत्राचं रक्त कसं आवडेल? फिरणाऱ्या मजकुराला जो प्रश्न आज सुचला, तो आमच्याच एका संताने सोळाशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे.

पापामुळे राहिलेलं देवाच्या मानाचं ऋण क्रुसावर फेडलं गेलं ही मांडणी अन्सेल्म या धर्मपंडिताने अकराव्या शतकाच्या अखेरीस केली. शिक्षा आपल्याऐवजी ख्रिस्ताने भोगली, यावर धर्मसुधारकांनी पुढे जोर दिला आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या आजही ते मनापासून मानतात. पण ३८१ सालचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, जी आम्ही कॅथलिक मिस्सामध्ये, आमच्या मुख्य उपासनेत, म्हणतो, इतकंच सांगतो की आमच्यासाठी त्याला क्रुसावर खिळलं. हिशेब कसा जुळला ते त्यात नाही. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेत पिता आणि पुत्र एकच देव आहेत. तेव्हा एकाने दुसऱ्याला पकडून कापलं, हे चित्र मुळातच चुकतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्पष्ट सांगतो, माझा प्राण माझ्याकडून कोणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. त्याला मारलं ते रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने, रोमन सैनिकांनी. मराठीत ‘बळी घेणं’ आणि ‘बलिदान करणं’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सीमेवर पडलेल्या जवानाबद्दल बोलताना आपण ते बरोबर पाळतो. क्रुसाबद्दलही तेवढंच पाळावं.

आता परवान्याचा मुद्दा. हा आरोप येशूचा प्रेषित पौल याच्या हयातीतच झाला होता. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि लगेच उत्तर देतो, कदापि नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय घ्या. जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा तो उभा राहून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. आज या घराला तारण झालं आहे, असं येशू यानंतर म्हणतो. कॅथलिकांच्या प्रायश्चित्त संस्कारातही, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याच्या विधीतही, खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर क्षमा पोकळ ठरते, आणि चोरलेलं परत करावंच लागतं. लहानपणी कबुलीसाठी रांगेत उभं राहताना माझे पाय लटपटायचे. परवाना घ्यायला कोणी असं थरथरत जात नाही.

हेही मान्य करतो की क्षमेचा बाजार एकदा खरोखर मांडला गेला, पैसे घेऊन पापाच्या दंडाची माफी दिली गेली. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ९५ प्रबंध लिहिले ते त्याच्याच विरोधात, आणि त्यातला पहिलाच प्रबंध म्हणतो की श्रद्धावंताचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये पैशाशी जोडलेल्या दंडमाफीच्या सवलती रद्द केल्या. बाजार मोडला तो श्रद्धेनेच.

‘बाकीचे नरकात’ याबद्दल थोडक्यात. सगळ्या ख्रिस्ती पंथांचं यावर एकमत नाही. पण कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, लिहून ठेवलं आहे की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

राहिला मरणानंतरचा मुद्दा. तारण इथे, जिवंतपणीही घडतं, हे एका उदाहरणाने सांगतो. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना फुलहॅमला गेल्या. तिथे ख्रिस्ती धर्मभगिनी (नन) समाजाने टाकलेल्या बायकांची मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या, आणि हे तुम्ही का करता असं विचारलं. उत्तर म्हणून त्यांना बायबलमधल्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईची, म्हणजे यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या समाजातल्या बाईची, गोष्ट ऐकवली गेली, जिच्याशी बोलायला येशू थांबला होता. १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी जे घर उभं राहिलं त्याचं नाव ‘मुक्ती’. फसवल्या गेलेल्या, ज्यांना कोणी दारात उभं करत नसे अशा बायकांसाठी तिथेच आणखी एक घर झालं, ‘कृपासदन’.