अफोगातो म्हणजे नुसती कॉफी ओतणं नव्हे

रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गल्लीबोळांतल्या कॅफेंवरचा लेख आवडला, पण 'आइस्क्रीमवर कॉफी ओतली की अफोगातो तयार' हे वाक्य खटकलं. इटालियनमध्ये अफोगातो म्हणजे 'बुडालेला', आणि बुडवण्याची वेळ चुकली की सगळंच फसतं.

साधारण १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबानं काढलेली दाट कॉफी; हाच एक 'शॉट'. ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवलेला हवा. आइस्क्रीमचा एकच घट्ट गोळा, आणि शॉट टेबलावर, खाणाऱ्यासमोर ओतायचा. मग कडेनं तपकिरी-पांढरी साय सुटते, मधला गोळा मात्र टणक राहतो. तिथंच खरी मजा! रात्री अकरानंतर नेमकं हेच बिघडतं. संध्याकाळभर फ्रीझर उघडझाप करून आइस्क्रीम मऊ पडलेलं असतं, त्यामुळे दोन मिनिटांत नुसतं गोड कॉफीचं दूध हाती येतं.

आइस्क्रीम दुधाचंच आहे ना, हेही जरूर विचारा. 'फ्रोझन डेझर्ट'मध्ये वनस्पती तेल असतं, गरम कॉफीत ते टाळूला चिकटतं.

आणखी एक. बंद व्हायच्या अर्धा तास आधी बरेच ठिकाणी मशीन धुवायला घेतात. धुण्याची पावडर नीट खळबळून निघाली नाही तर पुढच्या शॉटला साबणासारखी चव येते. म्हणून कॉफीची ऑर्डर आधी द्या, चीजकेक नंतर मागवला तरी चालतो. झोपेची काळजी असेल तर डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीचा शॉट घ्या, कारण कॅफिनचा अर्धा अंमल उतरायलाच पाचेक तास जातात.