फलक वाचता आला पाहिजे

बागेतल्या जुन्या वास्तूंजवळ नवे माहितीफलक लावावेत, ही लेखातली सूचना मनापासून पटली. पण आधी उंची बघा. आमच्या बागेतल्या विहिरीचा फलक माझ्याही डोक्याच्या वर आहे आणि त्यातली लाल अक्षरं उन्हाने पार उडालीत (लाल रंग लवकर विटतोच). कंबरेच्या उंचीवर, तिरका बसवला तर मुलांना आणि चाकाच्या खुर्चीतल्यांनाही वाचता येईल.

मजकुरात नुसती सनावळी नको. काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा आहेत, त्या दाखवा. 'इथे बोट फिरवून बघा' असं लिहा. इकोमॉस या वारसास्थळं जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, अशा स्थळांची माहिती लोकांना कशी द्यावी याबद्दल २००८ची सनद आहे; तिच्यातही अभ्यासकांच्या पुराव्याबरोबर जिवंत परंपरांना स्थान आहे. तेव्हा तिथे पाणी भरलेल्या आजींना आधी विचारा, त्या आहेत तोवर.