स्कूल बोर्डाला उभं राहायला म्हणे पैसा, पार्टी आणि पोरं लागतात

जून लागला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतं. यंदाही आलंय, सोसायटीच्या ग्रुपवर आलं, गणेशोत्सवाच्या ग्रुपवर आलं, आणि वर एका काकूंनी "हे वाच रे" म्हणून पर्सनलवरही पाठवलं. मजकूर थोडक्यात असा: स्कूल बोर्डाची, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाची, निवडणूक हे आपल्या लोकांचं काम नाही, लाखो डॉलर लागतात, पार्टीचं तिकीट लागतं, मुलं त्याच शाळेत असावी लागतात, ग्रीन कार्डवर फॉर्म भरता येतो पण आपले उच्चार ऐकूनच लोक मत देत नाहीत, आणि निवडून येणारे लठ्ठ पगार खातात. एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी ठळक अक्षरात काय, तर आपला एक तरी माणूस बोर्डावर बसला की दिवाळीची सुट्टी, गणिताचे अ‍ॅडव्हान्स क्लास, मराठी, सगळं मार्गी लागेल, तेव्हा आपल्याच माणसाला मत द्या. म्हणजे उभं कोणी राहायचं नाही पण निवडून मात्र आपलाच यायला पाहिजे, वा रे वा.

मी स्वतः कधी उभा राहिलेलो नाही, पण आमच्या टाउनशिपमधल्या, म्हणजे गावातल्या, एका मैत्रिणीच्या प्रचारात दारोदार फिरलोय आणि बोर्डाच्या बऱ्याच मीटिंगा मागच्या रांगेत बसून ऐकल्यात. तेवढ्या जोरावर एकेक मुद्दा घेतो.

लाखो डॉलर. हे कुठून आलं असेल ते ओळखता येतं, लॉस एंजेलिसहून. तिथे २०१७ च्या बोर्ड निवडणुकीत सगळा मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, एका बाजूला चार्टर स्कूलवाले (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा), दुसऱ्या बाजूला शिक्षकांची युनियन, आणि पैसा बहुतेक बाहेरच्या गटांनी ओतलेला. तो अख्ख्या देशातला दोन नंबरचा मोठा स्कूल डिस्ट्रिक्ट आहे, डिस्ट्रिक्ट म्हणजे एका बोर्डाखाली येणारा शाळांचा विभाग. आपल्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत, त्यातले कित्येक तर एका टाउनशिपएवढेच. इथे उमेदवारी अर्जाला फी नाही. काउंटी क्लार्ककडे पिटिशन, म्हणजे सह्यांचा अर्ज, द्यायची, त्यावर तुमच्याच डिस्ट्रिक्टमधल्या रजिस्टर्ड मतदारांच्या मोजक्या सह्या, बस. पुढे लॉन साइन (अंगणात रोवायच्या पाट्या), थोडी पोस्टकार्डं, आणि बाकी सगळी पायपीट. खर्चाचा हिशोब राज्याच्या इलेक्शन कमिशनला द्यावा लागतो, तो मात्र चुकवू नका, कमी खर्च असेल तर फॉर्म छोटा असतो पण भरावाच लागतो.

खरी गोम सह्यांमध्ये आहे आणि ती फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही. आपल्याकडे पोस्टाचा पत्ता एक आणि टाउनशिप दुसरी, हा घोळ किती आहे बघा, पत्ता लिहितात प्रिन्सटन आणि घर असतं साउथ ब्रन्सविकमध्ये, पत्ता प्रिन्सटन जंक्शन आणि टाउनशिप वेस्ट विंडसर. पिटिशन घेऊन फिरताना लोक दारात चहा विचारतात, आनंदाने सही ठोकतात, आणि घरी येऊन मतदारयादीशी ताडून बघितलं की कळतं की अमुक काका अजून ग्रीन कार्डवर आहेत, तमुक वहिनी सिटिझन झाल्या पण मतदार नोंदणी केलीच नाही, आणि कोपऱ्यावरचं ते घर तर पलीकडच्या गावात मोडतं. त्यामुळे लागतात त्यापेक्षा भरपूर जास्त सह्या घ्यायच्या, हे आमच्या मैत्रिणीला आधीच कोणीतरी सांगितलं होतं म्हणून निभावलं.

आणि दुसरी गोम तारखेची. ज्या डिस्ट्रिक्टांची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होते, आणि आता बहुतेकांची तेव्हाच होते, त्यांच्यासाठी अर्जाची मुदत म्हणजे जुलैचा शेवटचा सोमवार, दुपारी चार. जुलैच्या शेवटी आपली अर्धी जनता पुण्यात नाहीतर नाशकात आंबे संपल्याची हळहळ करत बसलेली असते. माझं तर मत आहे की आपले लोक बोर्डावर कमी दिसतात त्याला वंशभेदाइतकंच एअर इंडियाचं तिकीटही जबाबदार आहे, हसा खुशाल.

पार्टीचं तिकीट? न्यू जर्सीत स्कूल बोर्डाच्या मतपत्रिकेवर नावापुढे पार्टी नसतेच. नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, पाहिजे तर तीन शब्दांचं घोषवाक्य टाकता येतं. काही राज्यांत पार्टी लिहायची पद्धत आहे किंवा आणायचा प्रयत्न चालू असतो, फ्लोरिडात २०२४ मध्ये तसा प्रस्ताव मतदानाला आला होता आणि लागणारी ६० टक्के मतं न मिळाल्याने पडला. आता आडून कोण कोणाला मदत करतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं, ते नाही असं मी म्हणत नाही. पण तिकीट मागायला कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

पगाराचंही मूळ लॉस एंजेलिसच. तिथे दुसरी नोकरी न करणाऱ्या मेंबरचा पगार २०१७ मध्ये वर्षाला १,२५,००० डॉलर केला. न्यू जर्सीत पगार शून्य, कायद्यानेच शून्य. उलट निवडून आल्यावर महिनाभरात बोटांचे ठसे देऊन बॅकग्राउंड चेक, पहिल्याच वर्षी सक्तीचं ट्रेनिंग, आणि दरवर्षी आपल्या उत्पन्नाचे स्रोत आणि डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला असलेले नातेवाईक जाहीर करायचा फॉर्म. तीन वर्षांची टर्म. कामावरून आल्यावर साडेसातच्या मीटिंगला जायचं आणि छपराच्या दुरुस्तीचं टेंडर, बसच्या रूटचे कॉन्ट्रॅक्ट, बदली नर्सची नेमणूक असल्या ठरावांवर एकेकाचं नाव पुकारलं की "येस" म्हणायचं. खाणारा माणूस इकडे फिरकणार पण नाही.

मुलं त्याच शाळेत हवीत, ही अट नाही. मुलंच नसली तरी चालतं. आपल्याकडे महाराष्ट्रात आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, ते डोक्यात ठेवून कोणीतरी हे लिहिलं असावं, पण तो कायदा वेगळा आणि ती समिती एका शाळेची. इथे बोर्ड अख्ख्या डिस्ट्रिक्टचं, आणि प्रॉपर्टी टॅक्स भरणाऱ्या प्रत्येकाचा त्यात जीव अडकलेला, कारण त्या बिलाचा साधारण निम्मा भाग शाळांकडे जातो. रिटायर झालेला अकाउंटंट बोर्डावर असेल तर बजेटच्या वेळी सोनं.

ग्रीन कार्डबद्दल मात्र गंमत नाही, ही चूक महागात पडेल. उमेदवार अमेरिकन नागरिक हवा, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष राहिलेला हवा आणि तिथला रजिस्टर्ड मतदार हवा. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डासाठी मत देता येतं, ते खरंय, २०१६ साली तिथल्या मतदारांनी तसं ठरवलं. पण ते मत देण्यापुरतं आणि त्या शहरापुरतं. न्यू जर्सीत ग्रीन कार्ड किंवा एच-वनवर असताना "होऊ दे की" म्हणून मतदार नोंदणी केलीत तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी गळ्याशी येईल. नागरिक नसलेल्यांना बोर्डाच्या मीटिंगला जाता येतं, लोकांनी बोलायच्या वेळात माइकवर जाऊन बोलता येतं, बहुतेक ठिकाणी माणशी तीनेक मिनिटं देतात. ती वेळ ठेवणं बोर्डाला कायद्याने बंधनकारक आहे.

उच्चारांचं मी फार मनावर घेत नाही. एडिसनसारख्या गावात निम्म्याच्या आसपास लोक आशियाई आहेत, मतदाराचेही उच्चार तेच. स्कूल बोर्ड मतपत्रिकेच्या पार टोकाला असतं, तिथपर्यंत लोक पोचतच नाहीत, रकाना कोरा सोडतात. किती ठिकाणी तर जागांइतकेही उमेदवार नसतात.

आता ते शेवटचं ठळक अक्षरातलं, आपला माणूस बसला की सगळं मार्गी लागेल. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण हे ऐकून उभा राहिलेला माणूस पहिल्या सहा महिन्यांत वैतागतो. एकट्या मेंबरला अधिकार काहीच नसतो. अधिकार बोर्डाला, तोही मीटिंग भरलेली असताना, बहुमताने. न्यू जर्सीत मेंबरांसाठी आचारसंहिता आहे आणि ती कायद्यातच आहे, तिच्यात सरळ म्हटलंय की शाळा चालवणं हे तुमचं काम नाही, त्या नीट चालतायत ना हे बघणं तुमचं काम, आणि कोणाला खासगीत वचनं द्यायची नाहीत. तक्रार आली तर सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळा चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याकडे, पाठवायची. म्हणजे देवळात गाठून "तेवढं माझ्या मुलीला अ‍ॅडव्हान्स मॅथमध्ये बसव ना" म्हणणाऱ्याला तुमच्या त्या "आपल्या" माणसाने नाहीच म्हणायचं असतं, आणि मग हाच ग्रुप म्हणणार की बघा, निवडून आल्यावर विसरला.

गणिताचंच घ्या. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये किती रण पेटलं होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. सुपरिंटेंडंटांनी मुलांवरच्या ताणाचं कारण देऊन चौथीपासूनचा अ‍ॅडव्हान्स गणिताचा प्रोग्राम वरच्या इयत्तेत ढकलला, हायस्कूलच्या मिडटर्म-फायनल बंद केल्या. प्रस्ताव सुपरिंटेंडंटचा, मत बोर्डाचं, आणि पालकांमध्ये सरळ दोन तट, त्यात आपलेही एका बाजूला नव्हते. अशा वेळी "आपला माणूस" नक्की कोणाचा?

दिवाळीची सुट्टी कॅलेंडरमध्ये बोर्डच मंजूर करतं, ते बरोबर आहे, मिडलसेक्स काउंटीत अनेक गावांत ती मिळतेही. पण वर्षाला १८० दिवस शाळा भरवावीच लागते, त्यामुळे एक दिवस दिला की तो जूनमध्ये नाहीतर स्प्रिंग ब्रेकमधून काढून घ्यावा लागतो, आणि मग ईदवाले, लुनार न्यू इयरवाले, सगळे रांगेत उभे असतात आणि सगळ्यांचं म्हणणं आपल्याइतकंच रास्त असतं. तुमच्या गावात सुट्टी नसली तरी राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे, पालकांची चिठ्ठी दिली की त्या दिवसाची गैरहजेरी माफ, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

राहिलं मराठी. हायस्कूलच्या डिप्लोम्यावर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात याचा शिक्का, मिळतं, त्यात भाग घ्यायचा की नाही हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट स्वतः ठरवतो, आणि वर्गात न शिकवलेल्या भाषेचीही बाहेरची परीक्षा देता येते. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठी त्या यादीत आहे का हे विचारायला बोर्डावर बसावं लागत नाही, वर्ल्ड लँग्वेजच्या सुपरवायझरला एक ईमेल टाका. उत्तर नाही आलं तर पुढच्या मीटिंगला माइक आहेच.