१६ कोअर घेतले म्हणून फ्रेम दुप्पट होत नाहीत

“प्रोसेसर घेताना दोनच आकडे बघा, कोअर आणि गिगाहर्ट्झ. ८ ऐवजी १६ कोअर घेतले की गेममध्ये दुप्पट फ्रेम. कॅश-बिश सगळं मार्केटिंग.” इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो आणि पोरं तो दाखवत तपकीर गल्लीत पीसी जुळवायला जातात. पैसे आईबापांचे जातात, म्हणून एकेक दावा तपासू.

आधी कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं नवं चित्र, लागते. तेवढ्यात गेमचा मुख्य थ्रेड (एका कोअरवर चालणारी कामांची रांग) बरीचशी कामं एकामागून एक उरकतो. ती सोळा जणांत वाटता येत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू २० टक्के’ बघून प्रोसेसर निवांत आहे असं समजू नका. एका वेळी ३२ थ्रेड चालवणाऱ्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला, तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ३ टक्के दिसतो.

गिगाहर्ट्झ (कोअरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात ते) आणि कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) यांचा निकाल एकाच जोडीत लागतो. एएमडी कंपनीचा रायझन ५८००एक्स आणि २०२२ साली आलेला ५८००एक्स३डी. दोन्ही ८ कोअरचे, दोन्ही झेन ३ या एकाच रचनेचे. पहिला ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, दुसरा ४.५ वरच थांबतो. तरी बहुतेक गेममध्ये दुसराच पुढे, कारण त्याची एल३ (कोअरनी मिळून वापरायची) कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी आहे. एल३ मधून डेटा साधारण १० नॅनोसेकंदांत मिळतो. रॅमपर्यंत जावं लागलं तर ७०-८०. एवढ्या वेळात ४.५ गिगाहर्ट्झचा कोअर तीनशेहून जास्त ठोके वाया घालवतो. हजारो वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या सिम्युलेशन गेममध्ये हे पदोपदी घडतं. याला मार्केटिंग म्हणणाऱ्याने एकदा दोन्ही प्रोसेसर शेजारी ठेवून चालवावेत.

आता मेसेजमध्ये ज्याचा पत्ताच नाही ती गोष्ट, म्हणजे कोअरची मांडणी. रायझन ३ ३१०० आणि ३३००एक्स, दोघांकडे ४ कोअर आणि १६ एमबी एल३. पण ३३००एक्सचे चारही कोअर एकाच गटात. ३१०० मध्ये दोन-दोन, कॅशही ८-८ अशी वाटलेली. पलीकडच्या गटाशी बोलायचं तर वळसा. एकाच वेगावर चालवले तरी गेममध्ये ३३००एक्सच पुढे राहतो. ७९५०एक्स३डीची तर गंमतच आहे. १६ पैकी ८ कोअरनाच ९६ एमबी कॅश. बाकीच्या आठांना ३२. गेम सुरू झाला की मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार ही दोन सॉफ्टवेअर मिळून त्या दुसऱ्या आठांना झोपवतात! म्हणजे १६ चे पैसे मोजून खेळायचं आठांवरच, आणि तेवढं तर स्वस्तातला ७८००एक्स३डी करतोच. इंटेलच्या १४९००के चे ‘२४ कोअर’सुद्धा ८ मोठे आणि १६ छोटे असे आहेत.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडरिंग किंवा मोठा कोड कंपाइल करायचा असेल, तर १६ कोअर जरूर घ्या. ४के रिझोल्यूशन आणि अल्ट्रा ग्राफिक्सवर खेळणार असाल तर कॅशचाही फारसा उपयोग नाही, तिथे बहुतेकदा ग्राफिक्स कार्डच अडतं. पैसे त्यात घाला. आणि दुकानात बिल होताना मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. ५८००एक्स आणि ५८००एक्स३डी घाईत सारखेच दिसतात.