मिशी दिसतंय री, पण रेकॉर्डला काय?

आमच्या बेळगाव भागात कुणी नवी बातमी आणली की ती खरी का खोटी हे विचारायची पद्धत नाही. पहिला प्रश्न असतो, "तू कुणाचा रे?" गाव कुठलं, गल्ली कुठली, मामा कोण, एवढं कळलं की बातमीची शहानिशा झाली. आपल्या पाव्हण्यांतला निघाला तर खरं. पलीकडच्या पार्टीचा निघाला तर, "तुमच्या गवताच्या गंजीला आग लागलीय" असं ओरडत जरी आला, तरी त्याला आधी कट्ट्यावर बसवावं, चहा पाजावा आणि यात त्याचा काय डाव आहे ते हळूच काढून घ्यावं. गंजी काय, पुढच्या सुगीला परत होते. गावात शहाणा म्हणून नाव कमवायचं असेल तर तुम्हीही ही पद्धत आजपासून धरा.

याला शास्त्राचा आधार आहे. न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं विस्तव असणार, हे अनुमान. गाईसारखं दिसणारं जनावर म्हणजे गवा, एवढं ऐकून खानापूरच्या रानात तो ओळखला, तर ते उपमान. आणि चौथं प्रमाण शब्द, म्हणजे आप्ताने सांगितलेलं. जुने पंडित 'आप्त' म्हणजे जे जसं आहे ते तसंच बोलणारा माणूस, असा अर्थ करायचे. मराठीने त्यात सुधारणा केली आणि आप्त म्हणजे नातेवाईक असं ठरवून टाकलं. केवढी सोय झाली बघा! आता माणूस खरं बोलतो का हे वर्षानुवर्षं तपासत बसायला नको, लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव कुठं छापलंय तेवढं पाहिलं की पुरे.

चार्वाक म्हणे फक्त प्रत्यक्षच मानायचे. त्यांचं काय झालं? त्यांची मतं आज आपल्याला बहुतेक त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवली तेवढीच माहीत आहेत. ज्यांनी ऐकीव गोष्ट मानली नाही, त्यांच्याविषयी आपण जे काही जाणतो ते सगळं ऐकीव. तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

अर्थात काही जागी पुरावा मागावाच लागतो. आमची काकू बासमती घ्यायला रविवार पेठेत जाते तेव्हा तिच्याबरोबर एकदा जाऊन बघा. ती पोत्यात हात कोपरापर्यंत घालते आणि तळाचा मूठभर तांदूळ वर काढते, कारण वरचा तांदूळ दाखवायचा असतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. मग तळहातावर चोळून फुंकर मारते, नाकाशी नेते, एक दाणा पुढच्या दातांत धरून कट्‌ करून तोडते. "हा यंदाचा हाय. जुना म्हणून कुणाला विकूलास?" दुकानदार देवाची शपथ घेतो, पोराबाळांची घेतो. काकू मान हलवून पुढच्या दुकानाकडे निघते. खानापूरचं मडकं घेतानाही तसंच. बोटाच्या पेराने चारी बाजूंनी वाजवून, कान लावून, बद्द आवाज आला की खाली.

हीच काकू संध्याकाळी पाय पसरून मोबाइल उघडते. कसल्याशा मुळीची पूड तीन दिवसांत साखर उतरवते, असा निरोप आलेला असतो. कुणी लिहिला, कुणावर उतरली, किती उतरली, काही नाही. काकू एकही दाणा न चावता तो चार ग्रुपवर पाठवते, कारण तो तिला नणंदेच्या जावयाने पाठवलाय. आप्त! परीक्षा विकत घ्यायच्या वस्तूची घ्यावी, फुकट आलेल्या गोष्टीची घेऊ नये, हा नियम तुम्हीही पाळा. मडकं फुटलं तर पैसे जातात. अफवा फुटली तर आपलं काय जातंय?

कोर्टाचं वेगळं आहे, त्यांना उद्योग नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात म्हटलं होतं की पाहिलेल्या गोष्टीची साक्ष, ज्याने पाहिलं त्यानेच द्यायची. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा हट्ट काही सुटला नाही. आमच्या कट्ट्यावर हा कायदा लावला तर सकाळी सात ते नऊ नुसती शांतता पसरेल.

आता जरा मोठ्या विषयाकडे वळतो. बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात, या सीमाप्रश्नावर बोलायचं झालं तर आमच्या भागात सगळ्यांत जास्त पाठ असलेला आणि सगळ्यांत कमी वाचलेला कागद म्हणजे महाजन आयोगाचा अहवाल. १९६६ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला, १९६७ साली अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकला, बेळगाव शहर कर्नाटकातच. हे दोन आकडे आमच्याकडे पाचवीतल्या पोराला विचारा, पाढ्यासारखे म्हणून दाखवेल. अहवाल बघितलाय का, असं मोठ्यांना विचारा, मग ते तुमच्याकडेच संशयाने बघतील. मी एकदा प्रत शोधत फिरलो. जिथं गेलो तिथं चहा मिळाला आणि मत मिळालं, प्रत मिळाली नाही.

माझा सल्ला असा की ती शोधूच नका. वाचायला बसलं की एखादं पान हमखास विरुद्ध बाजूच्या सोयीचं निघतं, आणि मग रात्री झोप येत नाही. कर्नाटक म्हणतं अहवाल म्हणजे शेवटचा शब्द. महाराष्ट्र म्हणतं अहवालच चुकीचा, आणि २००४ पासून त्याचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. कासरगोडचा उत्तर भाग कर्नाटकला द्यावा असंही त्याच अहवालात आहे, म्हणून केरळनेही तो नाकारला. एकच कागद, पण तो कुठल्या बाजूला उभं राहून धरलाय त्यावर त्याचा खरेपणा ठरतो. खानेसुमारीचंही तसंच. आकडे आपले असले की ती जनगणना, नसले की कारकुनांनी घरात बसून भरलेले रकाने. महाराष्ट्राने मागितलेली गावं आमच्या सभांत कधी ८१४ ऐकू येतात, कधी ८६५. टाळ्या दोन्हीला सारख्याच पडतात, तेव्हा मोजणीच्या फंदात पडू नये.

कागदावरून आमच्या आबांचं आठवलं. हे जरा सविस्तर सांगतो.

आजोबा गेल्यावर वारसा नोंद होऊन शेत आबांच्या नावावर झालं. उतारा आला, कन्नडमधला, संगणकावरचा, शिक्क्याचा. आबांची सातवी मराठी शाळेतली. मी कन्नड फाडफाड बोलतो, वाचायला लागलो की दुसऱ्या शब्दाला घाम फुटतो. पण शिक्का ठळक होता. आबांनी तो कपाळाला लावला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला, आणि अकरा वर्षं आमची त्या कागदावर नितांत श्रद्धा होती. कुठं कर्जाला जोडला, कुठं अनुदानाला जोडला, सगळीकडे चालला. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचला नाही आणि आम्हाला वाचता येत नव्हतं. व्यवस्था अशी बिनबोभाट चालते.

बिघडवली ती माझ्या पोरीने. शाळेत कन्नड शिकते, दिसेल ते वाचत सुटते. एका रविवारी उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "आबा, इथं जोतिबा नाही, जोतिबाई आहे." 'बा'च्या पुढं एक 'यि' जादा पडला होता. अकरा वर्षं आमचे आबा, वय चौऱ्याहत्तर, सरकारदरबारी बाई होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत. कुठली ते सोडा, खिडकी होती आणि तिच्या पलीकडे माणूस होता. आबा खिडकीत जाऊन उभे राहिले. पटका, धोतर आणि कानापर्यंत गेलेल्या मिशा. पंडितांच्या यादीतलं पहिलं प्रमाण, प्रत्यक्ष, हातभर अंतरावर उभं होतं आणि खोकत होतं. माणसाने उतारा पाहिला, आबांकडे पाहिलं, परत उतारा पाहिला. "मिशी दिसतंय री," तो म्हणाला, अगदी प्रेमाने, "पण रेकॉर्डला काय?"

रेकॉर्डला प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं, आणि आबांना ओळखणारे दोन पंच. बाहेर चहाच्या गाड्यावर ते बसलेलेच होते, बहुधा रोजच असतात. त्यांनी आबांना त्या क्षणापर्यंत पाहिलेलं नव्हतं. चहा झाला, भजी झाली, त्यांनी नाव विचारलं आणि लगेच 'यांना आम्ही लहानपणापासून ओळखतो' याखाली सह्या ठोकल्या. त्यातला एक जेमतेम तिशीचा होता. आबांना पंचांचं लहानपण आठवेना, पण काम झालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर खऱ्या ओळखीचे साक्षीदार नेऊ नका. ते प्रश्न विचारतात, वाचून सही करतात आणि भजीही खात नाहीत.

दोन महिन्यांनी नवा उतारा आला. पोरीने वाचला आणि म्हणाली बरोबर आहे. शिक्का पहिल्यापेक्षाही ठळक होता. आता आबांनी तो कपाळाला लावून ट्रंकेत ठेवायला हवा होता. तसं न करता त्यांनी चप्पल घातली आणि बांधापलीकडच्या गौडांकडे निघाले.

हे मात्र तुम्ही मुळीच करू नका. गौडा आप्तांत बसत नाहीत. घरची भाषा कन्नड, १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, त्यांच्या दारावर लाल-पिवळा झेंडा असतो आणि आमच्या आबांच्या दंडाला काळी फीत. पण पूर्वी एकदा बांधाचं भांडण लागलं तेव्हा सगळ्या गावासमोर हा माणूस सख्ख्या भावाला म्हणाला होता की दगड तू हलवलास, जोतिबाने नाही. असल्या माणसाशी जपूनच राहावं. उद्या तो तुमच्याविरुद्धही खरं बोलेल.

गौडांनी चष्मा पुसला. उतारा उजेडात धरला आणि शिक्क्याकडे न बघता एकेका अक्षराखाली नख ओढत वाचायला लागले. "जो... ति... बा." नख तिथंच थांबलं. आबा श्वास धरून उभे.

"मुंदे एनू इल्ल," गौडा म्हणाले. पुढं काही नाही.